प्लूटो दीड किलोमीटर अलीकडे

दि. ९ फेब्रुवारी

ती. स्व. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुमच्या गुडघ्याचं काय झालं ते मागच्या पत्रात लिहायचं तुम्ही शिताफीनं टाळलंत. आयुष्यभर दवाखान्यात दुसऱ्यांचे गुडघे बांधलेत, आता स्वतःच्या गुडघ्याकडे बघायला नर्स बाहेरून आणायची का? माझं शिवणकाम जोरात आहे. नव्या दवाखान्याच्या सगळ्या खिडक्यांचे पडदे मलाच मिळालेत, त्यामुळे घरात हिरव्या कापडाशिवाय काही दिसत नाही. तुमचे भाऊ कालच त्या ढिगाऱ्यात चष्मा शोधत होते.

आता मुद्द्याचं. इथल्या वाचनालयाच्या मंडळींनी टूम काढली आहे की गावात सूर्यमाला मांडायची. अंतरं आणि आकार खरे, फक्त सगळं सारख्याच प्रमाणात लहान केलेलं. वाचनालयाच्या फाटकाशी माझ्या खांद्याला लागेल एवढा सूर्य. तिथून कालव्याच्या रस्त्यानं चालत निघालं की एकेक ग्रह लागतो. प्रत्येकाला कमरेएवढा लोखंडी खांब, वर तिरकी पाटी, आणि पाटीत काचेखाली त्या त्या मापाचा गोळा. एकेका घरानं एकेक खांब घ्यायचा, बनवायचा आणि पुढं सांभाळायचा. सगळा गाव वेडा झालाय. गुरू मिळावा म्हणून दोन दुकानदारांचं बोलणं बंद झालं.

आमच्या अगदी कोपऱ्यावर नेपच्यून येतो. माझ्या मशिनीच्या खिडकीतून दिसेल असा. मंडळींनी तो ह्यांना आपणहून देऊ केला होता, कारण लेथवर काम करणारा माणूस म्हणून ह्यांना मान आहे. आणि तुमच्या भावानं काय करावं? दारातला नेपच्यून समोरच्या केशकर्तनवाल्याला देऊन टाकला आणि स्वतः प्लूटो मागून घेतला! तो येतो पार गावाबाहेर, आमच्या घरापासून आणखी दीड किलोमीटर पुढं. शिवाय तो आता ग्रहसुद्धा नाही म्हणे. ग्रहांच्या यादीतून त्याचं नाव काढलंय, बटुग्रह म्हणतात.

मला वाटलं, असेल काही लहर. पण केशकर्तनवाला नेपच्यूनचा खड्डा खणताना सहज बोलून गेला की प्लूटोची जागा म्हणजे जुन्या पंपघराचे क्वार्टर जिथं होते तीच. ते पाडून किती वर्षं झाली, पण ह्यांचा पहिला संसार तिथंच झाला, थोरलीबरोबर. अकरा वर्षं. मला हे चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हीही नाही.

मी काही म्हणत नाही. फक्त विचारते, की तुम्हाला हे माहीत होतं का?

गुडघ्याबद्दल खरं लिहा. माझ्यावरचा लोभ आहे तसा ठेवा, रागावलात तरी.

तुमची
वहिनी


दि. १८ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद.

गुडघा सुजलेला आहे आणि माझं तोंड चालू आहे, म्हणजे प्रकृती उत्तम.

अगं, तो प्लूटो कुठं ठेवायचा हे सूर्यानं ठरवलं, माझ्या भावानं नाही. आता तो नेमका पंपघरापाशी आला त्याला तो बिचारा काय करील? क्वार्टर मला माहीत होते. थोरलीच्या शेवटच्या आजारात मी तिथं राहिलेच होते. तुला सांगायचं राहिलं, कारण चार खोल्यांच्या पडक्या जागेत सांगण्यासारखं काय आहे? आणि आमच्या मौनीबाबाला तर तू ओळखतेसच. तो लहानपणी पाय मोडला तेव्हासुद्धा संध्याकाळपर्यंत बोलला नव्हता.

जी माणसं नाहीत त्यांच्यावर जळत बसू नकोस. थोरली असती तर पोट धरून हसली असती. डबा भरून घेऊन स्वतःच प्लूटोपाशी जाऊन बसली असती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून बोलावलं असतं.

पडदे नीट शीव. दवाखान्याच्या पडद्याची शिलाई पहिल्या धुण्यात उसवते हे मी तीस वर्षं पाहिलंय.

आशीर्वाद आहेतच, ते काही मागावे लागत नाहीत.

तुझी
वन्सं


दि. ६ एप्रिल

ती. स्व. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ते वाचल्यावर मी दोन दिवस कात्री हातात धरली नाही, कारण कापड वाकडं कापलं गेलं असतं. थोरली असती तर हसली असती, थोरली असती तर डबा नेला असता! ती असती तर मी इथं नसते, वन्सं, हे लिहिताना तुमच्या लक्षात तरी आलं का? आणि डबा मीही भरते. रोज भरते. त्याच्याबद्दल मात्र कुणाच्या पत्रात ओळ येत नाही.

प्लूटो उभा राहिला. गोळा केवढा, तर टाचणीच्या डोक्याएवढा. तो लेथवर कातायला ह्यांनी घड्याळजीकडून भिंग आणलं. शेजारी त्याचा चंद्र, त्याच्याही निम्मा. तो पुन्हा पुन्हा बिघडत होता आणि हे पुन्हा पुन्हा बसत होते. माझ्या मशिनीचं चाक खिळखिळं झालंय, ते बघायला मात्र ह्यांना सवड नाही.

उद्घाटनाला वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी माहिती सांगितली. म्हणे प्लूटो आणि त्याचा हा चंद्र कायम एकमेकांकडे तोंड करून फिरतात, कधी पाठ फिरवत नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी ह्यांच्याकडे पाहिलं तर हे खाली जमिनीकडे बघत होते, जिथं पूर्वी कुणाची तरी चूल असेल तिथं.

आणि आता दर रविवारी फडकं, पाण्याची बाटली, तेलाची बुधली घेऊन निघतात. काच पुसायला. केवढीशी काच, तिला सगळी सकाळ लागते का? मी बरोबर येते म्हटलं तर म्हणाले, ऊन होईल. मला वयाच्या पंचेचाळिशीत एकदाच नवरा मिळाला, वन्सं, आणि त्याचा रविवारसुद्धा दुसरीच्या नावावर आहे. ती इथं कशातच नाही, घरात तिचा एक फोटो नाही, मी कपाटं लावताना सगळीकडे पाहिलंय. फोटो असता तर निदान तोंडाला तोंड देऊन भांडता आलं असतं.

एक गोष्ट मात्र ग्रंथपालबाई फार कामाची बोलल्या. प्लूटोचा रस्ता गोल नाही, ताणलेला आहे. कधी तो फार लांब जातो आणि कधी इतका जवळ येतो की चक्क नेपच्यूनच्या अलीकडे असतो. हे पंपघरापाशी ठेवलंय ते नुसतं सरासरी अंतर. मी कान टवकारले. नेपच्यूनच्या अलीकडे म्हणजे कुठं, हे तुम्हाला कळलंच असेल. माझ्या खिडकीखाली.

पुढच्या आठवड्यात मंडळींची बैठक आहे. मी जाणार आहे.

माया कमी करू नका, मुळात ती वाटून आलेली आहे.

तुमची
वहिनी


दि. १४ एप्रिल

चि. सौ. वहिनीस आशीर्वाद.

डब्याबद्दल चुकलेच. पण तुझ्या डोक्यात जे शिजतंय ते मला इथवर वासानं कळलं. हात जोडते, ते करू नकोस. घाईत लिहिते आहे, टपाल निघायच्या आत.

वन्सं


दि. २ मे

ती. स्व. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा प्लूटो हललेला होता.

बैठकीत मी उभी राहिले आणि सरळ विचारलं, की सरासरी म्हणजे काय? सूर्यापासून तेवढ्याच अंतरावर तो फारच थोडा काळ असतो. मग जवळच्या टोकाला मांडला तर खोटं काय? उलट, तो नेपच्यूनच्या अलीकडे येतो ही खरी गंमत लोकांना दिसेल. शिवाय एवढ्या लांब चालत जातो कोण? म्हातारी माणसं युरेनसपाशीच दमून परत फिरतात. शाळेचे निवृत्त गणितमास्तर माझ्याकडे इतक्या कौतुकानं बघायला लागले की मला क्षणभर स्वतःचंच खरं वाटलं. केशकर्तनवाला तेवढा भडकला, कारण त्याच्या नेपच्यूनच्या पन्नास-साठ पावलं अलीकडे दुसऱ्याच कुणी येऊन उभं राहणार होतं. पण मतं माझ्या बाजूनं पडली.

शेवटी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, हिशेबात बसत असेल तर हलवा. झालं. शनिवारी स्वतः जाऊन नट सोडवले, खांब कारखान्याच्या ढकलगाडीवर घालून आणला आणि माझ्या खिडकीसमोर रोवला. मला विचारलंसुद्धा, की इथून नीट दिसतो ना. मी म्हटलं, छान दिसतो. वन्सं, मी त्या दिवशी किती खूश होते ते तुम्हाला सांगायला लाज वाटते. मशिनीवर बसून गाणं म्हणत होते.

मग रविवार आला. हे सकाळी उठले, दारातला प्लूटो दोन मिनिटांत पुसला, फडकं वाळत घातलं, आणि निघाले. नेहमीच्याच रस्त्यानं.

मी मागून गेले. हो, गेले. कालव्याच्या कडेच्या झाडांआडून, माप घेणारी बाई आहे असं दाखवायला टेप गळ्यात घालून. पंपघरापाशी आता काहीच नाही. खांबाचं सिमेंटचं जोतं उरलंय, त्यातून चार बोल्ट वर आलेले. त्यावर हे बसले होते. रडत नव्हते. काही केल्या गणित सुटत नसलेल्या मुलासारखे कपाळावर आठ्या घालून बसले होते आणि मधूनमधून ओठ हलत होते. मी उलट पावली आले. दुपारी हे परतले ते माझ्या आवडीचे बेकरीतले गोड पाव घेऊन. चिडले असते, अबोला धरला असता, तर मला भांडायला जागा मिळाली असती. गोड पावांशी कसं भांडायचं?

म्हणजे मी खांब हलवला, माणूस तिथंच राहिला. आता मला स्वतःहून विचारायची छाती नाही. तुम्ही विचारा. मला एवढंच कळायला हवं, की या घरात मी बायको आहे की उरलेल्या सहा दिवसांची सोय. जे असेल ते कळवा. गोड करून कळवू नका.

तुमच्या उत्तराची वाट बघणारी
वहिनी


दि. १५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून लिहितो. मला लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे.

प्लूटो मी क्वार्टरच्या जागेसाठीच घेतला. तिथं जायला काहीतरी कारण हवं होतं. पण हिला वाटतं तसं नाही.

ताई, मला ती आठवत नाही. आजारातला चेहरा थोडा आठवतो, पण तो तिचा नव्हता. आवाज तर गेलाच. तिथं गेलं की पूर्वी यायचा. इथं दार होतं, इथं मोरी, असं म्हणत बसलं की ती बोलायची. आता मोटरीला झटके देत बसावं तसा बसतो आणि काही सुरू होत नाही. घरी दिवसभर मशीन चालते, ही बडबड करते, कुणावर तरी भडकते, मला फार बरं वाटतं. कधी कधी सबंध आठवडा जातो आणि मग ध्यानात येतं की आपण तिची एकदाही आठवण काढली नाही. आम्हाला मूल नाही. मी विसरलो की ती संपली.

लग्नाआधी फोटो तुझ्याकडे दिले ते हिला त्रास नको म्हणून. आता परत मागायचे तर हिला काय वाटेल? हिला यातलं सांगू नकोस. हिला वाटेल मी झुरतोय. झुरता येत नाही याचंच वाईट वाटतं.

गुडघ्याला शेक दे.

तुझा
भाऊ


दि. २० मे

चि. सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद.

त्याचं पत्र सोबत घातलं आहे. सांगू नकोस असं त्यात लिहिलंय, ते मी वाचलंय. रोग्यांनी सांगितलेल्या किती तरी गोष्टी मी पोटात ठेवल्या, पण काही दुखणी दुसऱ्याला दाखवल्याशिवाय बरी होत नाहीत.

तू गोड करू नको म्हणालीस. हे गोड आहे की कडू, मला ठरवता येईना. तूच बघ.

तुझ्यावर जीव आहे. तो मी कधी शब्दांत सांगत नाही, म्हणून आज लिहून ठेवते.

वन्सं


दि. २७ मे

ती. स्व. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

आधी जे वाटलं ते लिहिते, मग जे वाटायला हवं होतं ते. आधी मला आनंद झाला. माझी बडबड ह्यांना बरी वाटते हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. मी जिंकले असं वाटून चक्क उभी राहिले. मग परत बसले. अकरा वर्षं ज्या बाईनं ह्यांना जेवू घातलं, तिचा आवाज ह्यांच्या डोक्यातून पुसला गेला. मला तर चारच वर्षं झाली आहेत.

ग्रंथपालबाईंकडे गेले, प्लूटो पुन्हा सरासरीवर न्या म्हणून. त्या म्हणाल्या, प्लूटो म्हणजे तुमच्या घरातलं कपाट आहे का, आज या भिंतीला उद्या त्या भिंतीला? बरोबरच आहे. आता तो माझ्या खिडकीखालीच राहणार.

म्हणून तुम्हीच काम करा. तिचे फोटो पाठवा, सगळे. आणि लिहून पाठवा. ती कशी बोलायची, कशी चालायची, ह्यांना काय म्हणून हाक मारायची, कशावर हसायची, कशावर रुसायची. चांगलं तेवढंच लिहू नका, नाहीतर मी मध्येच फाडून टाकीन. वाईटही लिहा.

ममता असू द्या, आणि या वेळी हात आखडू नका.

तुमची
वहिनी


दि. १६ जून

ती. स्व. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट पोचलं. जाडजूड होतं, पोस्टमननं विचारलं की पुस्तक आलंय का. सगळं मशिनीवरच बसून वाचलं आणि त्या दिवशी पडदे झाले नाहीत.

ती सुंदर होती, हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं. ते बरंच केलंत.

रविवारी मी ह्यांच्या आधी चपला घातल्या. हे बघतच राहिले. ऊन होईल म्हणाले, मी म्हटलं, होऊ दे. वाटेत दारातल्या प्लूटोकडे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही. तिथं पोचल्यावर मी जोत्यावर हिरव्या कापडाचा उरलेला तुकडा अंथरला, ह्यांना बसवलं, शेजारी बसले आणि सुरुवात केली. म्हटलं, ती पाणी भरताना गायची आणि एकही सूर जागेवर नसायचा. पंपाचा भोंगा झाला की कानात बोटं घालून ओरडायची की आता माझी पाळी. तुम्हाला ‘साहेब’ म्हणायची, तुमच्या पायात धड बूट नसताना. रुसली की भांडी घासायची, घासलेलीच पुन्हा घासायची. हे माझ्याकडे भूत बघितल्यासारखे बघत होते. मग मी म्हटलं, निळं दार लावून घ्यायची आणि उंबऱ्यावर पाय सोडून बसायची. तेव्हा हे म्हणाले, निळं नव्हतं, तपकिरी होतं, तिनंच रंगवलं होतं आणि रंग अर्ध्यात संपला होता. आणि मग हे बोलायलाच लागले. मौनीबाबा, वन्सं! मला मध्ये शब्द घालायला जागा नव्हती. अर्ध्या रंगवलेल्या दारावरून ती काय म्हणाली होती ते सांगताना ह्यांनी तिचा आवाज काढून दाखवला, बारीक, नाकातला. स्वतःच्याच तोंडून तो ऐकला. मग रडले. मी पाठीवर हात ठेवून बसले होते आणि, खोटं कशाला सांगू, जळत होते. माझ्याबद्दल बोलताना ह्यांचा चेहरा असा झालेला मी पाहिलेला नाही. पण उठून आले नाही.

परत येताना ह्यांनी माझा हात धरला होता. केशकर्तनवाल्यानं दुकानातून पाहिलं, त्याला पुढच्या आठवड्यापर्यंत विषय मिळाला. तिचा एक फोटो मी मशिनीवरच्या भिंतीला लावलाय. आता आम्ही दोघी दिवसभर समोरासमोर असतो. मी तिला बरंच काही ऐकवते.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे आणि ते नाही म्हणायचं नाही. तुमच्या भावाशी संसार करणं म्हणजे काय ते आता कळलं. हा माणूस प्रेम करतो आणि मग चेहरा हरवून बसतो. तेव्हा तुम्ही माझ्याबद्दलही लिहून ठेवा. मी कशी बोलते, कशी भडकते, कुणाच्या मागं झाडाआडून गेले होते, सगळं. आत्ताच बसा लिहायला, मी आहे तोवर, म्हणजे दाराचा रंग चुकला तर मी सांगू शकेन. पुढंमागं कुणी शेजारी बसून ह्यांना ते वाचून दाखवेल न दाखवेल, पण लिहिलेलं असू दे.

आणि वन्सं, पानं तिच्यापेक्षा कमी नकोत. मी मोजणार आहे.

लोभ तिच्यावर आहे तेवढाच माझ्यावर असावा, चिमूटभर जास्त असला तर मी तिला सांगणार नाही.

तुमची
धाकटी